मोहटोल्याचे नथ्थूजी

नथ्थूजी धकाते नव्या माणसाला आधी नमस्कार करायचे आणि लगेच त्याच्या शर्टाची बाही अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून बघायचे. "मिलचं हाये. दोन पावसाळे काढन." मग नाव विचारायचे. आमच्या ऑफिसात नवे साहेब बदलून आले तेव्हा त्यांचीही बाही त्यांनी पहिल्याच दिवशी अशी धरली आणि साहेबांनी हात मागे घेईपर्यंत सोडली नाही. "टेरिलीन हाये साहेब. घाम नाही पीत हे." साहेब हसले नाहीत. पुढे त्या दोघांत जे झालं ते या बाहीमुळे झालं असं मला म्हणायचं नाही, पण सुरुवात अशी झाली एवढं खरं.

मी त्या ऑफिसात टायपिस्ट होते. सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात आमचं खातं होतं. सरकारच्या योजना खेड्यापाड्यांत समजावून सांगायच्या हे आमचं काम, आणि त्यासाठी सहा जणांचं एक कलापथक. नथ्थूजी त्या पथकाचे प्रमुख. सक्करदऱ्याकडच्या कोष्ट्यांच्या वस्तीत त्यांचं घर. बाप मागावर बसायचा, आजा बसायचा. नथ्थूजीही विशीपर्यंत बसले. मग हातमागाचं लुगडं कोणी घेईना झालं, तेव्हा एक भाऊ मिलमध्ये गेला आणि हे डफ घेऊन सरकारी नोकरीत आले. लहानपणापासून खडी गंमत करत आलेले. आमच्याकडची ही खेळाची रीत अशी की सगळी रात्रभर उभ्यानंच गातात, नाचतात आणि लोकांची थट्टा करतात. कुटुंबनियोजन असो, अल्पबचत असो, नथ्थूजी ते खडी गंमतीत असं बसवायचे की म्हातारीकोतारी पदर तोंडाला लावून हसायची.

मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. समोरच्या खोलीत माग तसाच उभा होता आणि त्यावर ओले कपडे वाळत घातलेले होते. त्यांच्या बायकोनं चहा दिला आणि माझ्याशी बोलताना त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "घरात कमी अन् त्या पाण्यातल्या गावात जास्त राह्यते हा माणूस."

ते पाण्यातलं गाव म्हणजे मोहटोला.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पारशिवनीच्या वरच्या अंगाला नदीवर धरण झालं. पाणी कुठवर येणार याची रेघ सरकारनं नकाशावर आखली होती. मोहटोल्याची शेतं रेघेच्या खाली होती आणि घरं वर, टेकाडावर. शेतांची नोंद बुडितात झाली. घरं कागदावर सुरक्षित होती, म्हणून त्यांना कोणी हात लावला नाही. पाणी भरल्यावर टेकाडाच्या चारी बाजूंनी पाणीच पाणी झालं आणि चाळीसेक घरं मध्येच राहिली. ती माणसं खाली कशी उतरणार हे कोणाच्याच टेबलावर नव्हतं. झिबल नावाच्या माणसाचा लाकडी डोंगा तेवढा होता. त्यात एका वेळी सहा माणसं बसायची, तीही हललं नाही तर.

दुर्गम भागात आपला सांस्कृतिक वारसा पोचवा, असं एक पत्र वरून आलं. साहेबांनी यादीत मोहटोल्यावर बोट ठेवलं. पथकातल्या दोघांनी पोहता येत नसल्याचं सांगितलं. नथ्थूजींनाही येत नव्हतं, पण ते गेले.

एकदा मीही गेले. अहवालात 'महिलांचा सहभाग' असा रकाना होता आणि त्यासाठी ऑफिसातली एखादी बाई हवी होती. पाण्यातून बुडालेल्या मोहांचे आणि सागांचे काळे शेंडे वर आलेले होते. डोंग्याचा तळ त्यांना घासला की झिबल वल्हं उलटं धरायचा. उन्हं कलली की वारा सुटायचा, म्हणून त्याआधीच परतावं लागे. म्हणजे जो खेळ रात्रभर चालायचा तो मोहटोल्यात भर दुपारी, उन्हात व्हायचा. चेहऱ्याचा रंग घामानं गळ्यापर्यंत उतरायचा.

माणसं जमली. मला वाटलं आता डफ वाजेल. पण नथ्थूजी चपला काढून खाली मातीत बसले आणि म्हणाले, "आमचं होत राहीन. पहिले तुमचं आयकवा."

ही त्यांची पद्धतच होती. कुठल्याही गावात आधी त्या गावातल्या कोणीतरी गायचं, मग पथकानं. "पहिले आयकाचं, मंग गायचं," असं ते पथकातल्या पोरांना दर वेळी बजावायचे. अहवालाच्या छापील नमुन्यात या ऐकण्यासाठी जागा नव्हती. मी एकदा ते शेवटी वेगळ्या ओळीत टाइप केलं होतं. साहेबांनी ती ओळ खोडली.

त्या दिवशी सोनामाय नावाची म्हातारी उठली. रोवण्याचं गाणं म्हणाली. धानाची रोपं लावताना बाया चिखलात वाकून म्हणतात ते. एकटीच म्हणत होती, मग मागून चारपाच बाया आल्या. नथ्थूजी बोटांनी गुडघ्यावर ठेका धरून होते. गाणं संपलं तशी सोनामाय पाण्याकडे हात करून म्हणाली, "हे गाणं तिथलं हाये गा. त्या दोन शेंड्यांच्या मधात माह्यी धानाची बांधी होती. आता चिखलच नाही तं गाणं कायचं. तुमी म्हनलं म्हून म्हनलं."

नथ्थूजींनी ठेका थांबवला. त्या दिवशी खडी गंमतीत त्यांनी साहेबांची, तलाठ्याची, धरणाच्या इंजिनियरची अशी थट्टा केली की गाव हसून हसून लोळलं. अल्पबचतीचा विषय राहूनच गेला. मी अहवालात तो झाला असं लिहिलं.

पुढची पाचसहा वर्षं ते दर महिन्याला मोहटोल्याला जात राहिले. पत्रात वर्षाला दोन खेळ होते. बाकीचे हे स्वतःच्या सुट्टीत करायचे. मोहटोल्याच्या लोकांची दंडार ते शिकले. ती पेराच्या अन् सणाच्या दिवसांत खेळतात, टिपऱ्या आणि पावलांचा खेळ. आणि मोहटोल्याच्या पोरांना त्यांनी खडी गंमत शिकवली. पण दर अहवालाच्या शेवटी ते मला एकच वाक्य टाइप करायला सांगायचे.

"बाई, लिवा. ग्रामस्थांची मागनी, एक मोठा डोंगा."

मी लिहायची. साहेब लाल पेन्सिलीनं कडेला लिहायचे, 'विषय आपल्या खात्याचा नाही.' असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. एका वर्षी मात्र वरून मोहटोल्यासाठी काहीतरी मंजूर झाल्याचं पत्र आलं. नथ्थूजी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मी पत्र वाचून दाखवलं. एक हार्मोनियम आणि झांजांचे दोन जोड.

त्यांनी पत्र हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "पेटी हलकी असन," ते म्हणाले, "बुडत नसन." आणि ती पेटी त्याच सहा माणसांच्या डोंग्यातून, मांडीवर घेऊन, ते मोहटोल्याला पोचवून आले. त्याच वर्षी सोनामायचा मुलगा साप चावून गेला. दुपारी चावला होता. झिबल पलीकडे बाजाराला गेला होता आणि डोंगा पलीकडच्या काठाला होता. काठावरून लोक हाका मारत राहिले.

मग नागपुरातला कार्यक्रम झाला. कोणी मोठे पाहुणे येणार होते आणि साहेबांना मोहटोल्याची दंडार दाखवायची होती. नथ्थूजींनी बारा माणसं आणली. ती आपली धोतर, बंडी आणि डोक्याला पांढरं पागोटं अशी आली होती, सणाला नेसतात तशी. साहेबांनी त्यांना बघितलं आणि मला म्हणाले, "हे असे?" नाटकाच्या दुकानातून मोरपिसं, कवड्यांच्या माळा आणि वाघाच्या कातड्यासारखं छापील कापड आणवलं गेलं. नथ्थूजींनी त्या कापडाची किनार बोटांत धरली आणि सोडून दिली.

"साहेब, हे कास्तकार लोक हायेत. असं नाही घालत ते."

"लोकांना दिसायला हवं ना नथ्थूजी, की हे दुर्गम भागातले आहेत."

"दुर्गम तं तुमी केले साहेब. पहिले तिथून पारशिवनीले पायी ये-जा होती."

बारा माणसं पिसं लावून नाचली. त्यातला एकजण नाचताना एकसारखा पोटावरचं कापड खाली ओढत होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला, खाली गावाचं नाव चुकीचं होतं. नथ्थूजींनी तो फोटो मोहटोल्याला नेला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "काय दाखवू? ते स्वताले वळखनार नाहीत."

या सगळ्यानंतरही त्यांचा सरकारवर विश्वास होता. आज मला याचंच नवल वाटतं. सरकार म्हणजे एखादा मोठा, मंद, पण मुळात बरा माणूस आहे आणि त्याच्या कानाशी पुन्हा पुन्हा बोललं की तो ऐकतो, असं ते धरून चालले होते. त्यांच्या साऱ्या कलेचाच तो पाया होता म्हणा. म्हणून मोहटोल्याला हलवायचं ठरलं, ती बातमी घेऊन ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"नवी जागा देऊन राहिले बाई. पक्की घरं, विहीर, जमीन. डोंग्याची कटकटच नाही."

मोहटोल्यानं मात्र नकार दिला. माणसं पाण्याला सरावली होती. मासे मिळत होते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळावर टरबुजं, काकड्या यायच्या. नोटीस घेऊन गेलेले दोन अधिकारी तसेच परत आले. तेव्हा साहेबांनी नथ्थूजींना खोलीत बोलावलं. दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं.

"तुमचं ऐकतात ते. एक खेळ बसवा पुनर्वसनावर."

"जागा पाह्यल्याबिगर नाही बसवत साहेब."

साहेबांनी जीप दिली. भाद्रपद चालू होता. नथ्थूजी जागा बघून आले. हिरवंगार होतं, म्हणाले. विहीर खणलेली होती, तिला वरपर्यंत पाणी होतं. ते त्यांनी ओंजळीनं पिऊन बघितलं. घरांचे चौथरे आखलेले होते. आठ दिवसांत त्यांनी खेळ लिहिला. त्यांनी केलेल्या कामात मला तो सर्वांत चांगला वाटतो आणि हे लिहिताना मला लाज वाटते. त्यात एक म्हातारा असतो. गाव उठलं तरी तो खाटेवरून उठत नाही, म्हणून चौघं त्याला खाटेसकट उचलतात आणि नव्या गावात नेऊन ठेवतात. तिथे तो खाटेवरूनच एकेक वस्तू बघतो आणि एकेक पाय खाली सोडतो. म्हातारा नथ्थूजीच झाले होते. ऑफिसात तालीम झाली तेव्हा आमच्या शिपायाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मोहटोल्यात खेळ झाला आणि त्याच दुपारी कागदांवर अंगठे पडले. पथकातल्या एकानं मला नंतर सांगितलं, की सोनामाय शेवटपर्यंत बसून होती. सगळे उठल्यावर तिनं विचारलं, "नथ्थू, तू सोता पाह्यलं का गा?"

"माह्या डोयानं पाह्यलं माय."

"पानी हाये?"

"पेऊन आलो."

मग तिनंही अंगठा दिला.

त्या दौऱ्याचा अहवाल मीच टाइप केला. 'ग्रामस्थांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' त्यात खोटं काही नव्हतं.

गाव तिकडे राहायला गेलं आणि होळीच्या आधीच विहीर आटली. मुरमाची जमीन होती, पाणी वरचं, पावसाचं होतं. घरांना भिंतींऐवजी पत्रे लागले. शेतीची म्हणून जी जमीन दाखवली होती ती आधीच दुसऱ्या कोणाच्या नावावर निघाली आणि प्रकरण कचेरीत गेलं. नथ्थूजी चैत्रात तिथे जाऊन आले. ते मला हे सगळं सांगत होते तेव्हा माझ्याकडे न बघता टाइपरायटरच्या कळांकडे बघत होते.

"शिव्या नाही देल्ल्या कोणी. खुर्ची देल्ली बसाले. सावलीत एकच खुर्ची होती, ते मले देल्ली. मी सवयीनं म्हनलं, सोनामाय, गानं म्हन ना एखादं. ते म्हने, गानं आयकूनच तं आलो गा आमी इथं."

त्यांनी एका कळेवर बोट ठेवलं.

"भादव्यात विहीर पाह्यली मी बाई. भादव्यात कोनत्या विहिरीले पानी नसते? लोकायच्या बाह्या धरत फिरलो जनमभर, अन् इतकं नाही समजलं मले."

मी म्हटलं, तुमची फसवणूक झाली. ते म्हणाले, "माह्यी नाही. माह्या तोंडानं त्यायची."

वर्षभरानं कळलं की रिकाम्या मोहटोल्याच्या टेकाडावर सरकारी विश्रामगृह होतंय. चारी बाजूंनी पाणी, समोर जंगल, जागा सुंदरच होती. बांधकाम चालू असतानाच तिथे मोटारबोट आली. पंधरा माणसं बसतील एवढी, वर ताडपत्रीचं छप्पर. साहेबांनी मला आदेश टाइप करायला दिला: विश्रामगृहाच्या उद्घाटनाला कलापथकानं मोहटोला येथे पारंपरिक दंडार सादर करावी. खाली नथ्थूजींचं नाव.

मी तो कागद त्यांच्याकडे स्वतः नेऊन दिला. त्यांनी वाचला आणि घडी घालून साहेबांच्या टेबलावर परत ठेवला.

"मी नाही जात साहेब."

"हा आदेश आहे नथ्थूजी."

"दंडार त्या लोकायची हाये. त्यायले न्या. बोट तं आता हाये तुमच्यापाशी."

साहेब म्हणाले, "तुम्ही कलाकार आहात. या बाकीच्या गोष्टी तुमच्या नाहीत." त्यांचा आवाज चढला नव्हता. मला वाटतं त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी नथ्थूजींनी मला एक अर्ज सांगितला. मी टाइप केला. मी अमुक दिवशी मोहटोल्याच्या लोकांना पाणी आहे असं सांगितलं, ते खोटं निघालं, त्यांनी माझ्या सांगण्यावरून अंगठे दिले, तरी ते अंगठे रद्द समजावेत. एवढंच. साहेबांनी अर्ज वाचला, वर 'अशा स्वरूपाचा अर्ज स्वीकारता येत नाही' असं लिहिलं आणि परत पाठवला. उद्घाटनाला दुसरं पथक गेलं. नथ्थूजींना पथकातून काढून मागच्या खोलीत, जुने पोशाख आणि पडदे ठेवायचे तिथे बसवलं. निवृत्त होईपर्यंत, चार वर्षं, ते तिथेच होते. पेट्या उघडायचे, कसर लागलेलं बाजूला काढायचे, उन्हात टाकायचे. निरोपाच्या समारंभात साहेबांनी भाषणात त्यांना लोककलेचा सच्चा सेवक म्हटलं. नथ्थूजींनी हार गळ्यातून काढून टेबलावर ठेवला आणि पाणी मागितलं.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी मी त्यांना शेवटचं बघितलं. मीही तोवर दुसऱ्या ऑफिसात गेले होते. काही कागद घेऊन मी पुनर्वसनाच्या कचेरीत गेले. वैशाख होता, व्हरांड्यात फरशी पायाला चटके देत होती. तिथे भिंतीला टेकून दहाबारा माणसं बसली होती. मी आधी सोनामायला ओळखलं, मग नथ्थूजींना. ते खूप वाळले होते. बगलेत सुतळीनं बांधलेली फाईल होती. दर सोमवारी पारशिवनीकडून ही मोहटोल्याची माणसं येतात आणि नथ्थूजी त्यांचे जमिनीचे अर्ज घेऊन आत जातात, असं शिपायानं मला सांगितलं. "तीन वर्षांपासून येऊन राहिला म्हातारा," तो म्हणाला.

मी जवळ गेले. ते म्हणाले, "बाई, बऱ्या हाये ना?" आणि माझ्याकडे बघत राहिले. साडीच्या पदराकडे हात गेला नाही. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं.

आत वाळ्याचे पडदे लावलेले होते आणि कूलर चालू होता. दार अर्धं उघडं होतं. टेबलामागे एक तरुण अधिकारी होता. त्यानं फाईल घेतली, नाव वाचलं, मान वर केली.

"धकाते? तुम्ही ते कलापथकवाले का? माझे वडील तुमची फार आठवण काढतात. आमच्या गावी आला होता तुम्ही."

"येत होतो साहेब सगळीकडं."

"वा. मग एखादं होऊन जाऊ द्या की. आता इथे कोण ऐकतंय."

नथ्थूजी उभे होते. त्यांनी एकदा दाराबाहेर, आपल्या माणसांकडे बघितलं. अधिकाऱ्याच्या हातात फाईल होती, अजून उघडलेली नव्हती.

आणि ते गायला लागले. कूलरच्या आवाजात मला शब्द नीट कळले नाहीत. आवाज मात्र तसाच होता, सुरेल, भरदार. अधिकारी पेनानं फाईलच्या पुठ्ठ्यावर ताल धरत होता. व्हरांड्यात बसलेली माणसं खाली फरशीकडे बघत होती. सोनामायनं पदर कानावरून ओढून घेतला.

गाणं संपलं. अधिकारी म्हणाला, "क्या बात है," आणि फाईल बाजूच्या ढिगावर ठेवली. "ठेवून जा. बघतो मी."

नथ्थूजी बाहेर आले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"काय म्हने?" सोनामायनं विचारलं.

"ठेवून घेतली."

"सही?"

"पुढच्या सोमवारी."

माणसं उठली, कपडे झटकले आणि एकामागोमाग एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली. नथ्थूजी सगळ्यांच्या मागे होते. त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं, आणि त्यांच्यासाठी कोणी थांबतही नव्हतं.